रिलीज ट्रिगर: बोट सोडलं की बार

माझ्या दुखण्याला शूटिंगमध्ये 'फ्लिंच' म्हणतात. दचकणंच, पण आवाज व्हायच्या आधीचं. बारा बोअरची बंदूक खांद्याला, तोंडाने 'पुल', नेम धरायची तबकडी हवेत सुटते, डोळा तिच्यावर बसतो आणि नेमकं तेव्हाच बोट थिजतं. मग हिसका देऊन ट्रिगर ओढायचा आणि नळी खाली. दोन वर्षं मी स्वतःला सांगत होते की लीड, म्हणजे तबकडीच्या पुढे धरायचं अंतर, कमी पडतंय. एकदा काडतूस फुसकं निघालं, बार झालाच नाही, आणि माझ्या नळीने जमिनीला घातलेला नमस्कार मागच्या सगळ्यांनी पाहिला.

गेल्या वर्षी भाच्याकडे इलिनॉयला गेले. तो अमेरिकन ट्रॅप, म्हणजे उडत्या तबकड्यांच्या नेमबाजीचा तिकडचा प्रकार, खेळतो. पाहुण्याच्या व्हिसावर तिथे बंदुकीला हात लावायचा तर आधी शिकारीचा परवाना काढावा लागतो. म्हणजे ठाण्यात उभ्या आयुष्यात कोंबडी न कापलेली मी, कागदोपत्री शिकारी झाले.

भाच्याच्या पेराझी बंदुकीचा ट्रिगरचा संच सुटा निघतो. त्याने साधा काढून रिलीजचा बसवला. यात सगळं उलटं. बंदूक खांद्याला लावून ट्रिगर आधीच दाबून धरायचा, मग 'पुल' म्हणायचं, आणि तबकडी दिसली की बोट सोडायचं. सोडलं की बार. माझा पहिलाच बार मात्र समोरच्या गवतात गेला, कारण दाबल्यावर सवयीने बोट सैल झालं. भाचा म्हणाला, "मावशी, पहिला बार आमच्याकडे सगळ्यांचाच असा जातो."

पण नंतर गंमत झाली. ओढायचा क्षणच उरला नाही, त्यामुळे थिजायला जागा नाही. साध्या ट्रिगरवर 25 पैकी 11 तबकड्या फुटल्या होत्या, याच्यावर तिसऱ्या फेरीत 18. तेही तिकडच्या काडतुसात छर्रे 32 ग्रॅमपर्यंत असताना, आपल्याकडे 24. धक्का तोच किंवा जास्त, दचकणारी बाई मात्र गायब.

धोका आहे, आणि तो हलक्यात घेऊ नका. तबकडी तुटलेली निघाली आणि बार करायचा नसला तर ट्रिगर तसाच दाबून ठेवून बंदूक उघडायची, मगच बोट काढायचं. माहीत नसलेल्या माणसाच्या हातात ही बंदूक गेली तर तो सहज बोट उचलेल. म्हणून तिच्यावर इशाऱ्याचा ठळक स्टिकर असतो. किंमत विचारली की भाचा विषय बदलतो.

पाचपैकी साडेतीन तारे. दीड का कापला? आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत रिलीज ट्रिगरला बंदी आहे आणि आपल्या स्पर्धा त्याच नियमांवर चालतात. इथे आणून करणार काय, लोणचं?

तेव्हा परतल्यावर खोटी काडतुसं घेतली. पहाटे घोडबंदर रोड मोकळा असतो तेवढ्यात निघते, आणि रेंजवर मैत्रीण मला न दाखवता खरं किंवा खोटं काडतूस भरून देते. खोटं असलं की नळी काय करते ते लगेच कळतं. कंटाळवाणं काम आहे, महिनोन्‌महिने चालतं. परवा 25 पैकी 19. गेलेल्या सहांपैकी दोन दचकून गेल्या, उरलेल्या चार निव्वळ नेम चुकून. त्यांचा मला आनंदच झाला.