पोटमाळ्यावर "सीलबंद हवेचा थर" विकणाऱ्यांपासून सावध रहा

पोटमाळ्याचं इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) करायचा विचार असेल तर हे आधी वाचा आणि घरातल्यांनाही वाचायला द्या. आमच्याकडे आलेल्या कॉन्ट्रॅक्टरने चांगलं असलेलं ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापसासारखा थर) उचकटून काढलं, स्वतःच घेऊनही गेला, आणि त्याच्या जागी छपराच्या आतून चकचकीत बबल शीट (हवेचे फुगे असलेली फॉइल) चिकटवून खाली आठ इंचाची बंद पोकळी सोडली. म्हणे ताई, ग्लासवूलमध्ये तरी काय असतं, हवाच ना, मग आपण नुसती हवाच सील करू, थर्मास नाही का तसाच असतो.

थर्मासमध्ये हवा नसते हो, ती काढून टाकलेली असते! पण बाकीचं अर्धं खरं असतं म्हणूनच माणूस फसतो. स्थिर हवेतून उष्णता ग्लासवूलपेक्षाही कमी जाते हे बरोबर आहे, फक्त ती स्थिर राहिली पाहिजे. ग्लासवूलचे तंतू हवेला बारीक बारीक कप्प्यांत अडकवून ठेवतात, हलू देत नाहीत. मोठ्या पोकळीत थंडीच्या दिवसांत खोलीची ऊब वर चढते, हवा गोल गोल फिरायला लागते आणि ऊब छपरापर्यंत पोचवून येते. उन्हाळ्यात गरम हवा वरच राहते, तेवढं बरं, पण मध्ये फॉइल नसेल तर तापलेलं छप्पर पोकळीतून सरळ खाली उष्णता फेकतं, त्याला हवा अडवत नाही. अशी साधी पोकळी दोन-अडीच सेंटीमीटरच्या पुढे वाढवून फारसा फायदा होत नाही, आणि हा आम्हाला "जितकी मोठी तितकी चांगली" सांगत होता.

आता खरी लबाडी ऐका. काम झाल्यावर त्याने लेझरवाला थर्मामीटर काढला, छपराच्या उघड्या पत्र्यावर धरला, मग शीटवर धरला, आणि शीटचा आकडा कितीतरी कमी आला. आम्ही खूश. नंतर माझ्या मेव्हण्याने त्याच शीटवर काळी इलेक्ट्रिकल टेप चिकटवली, थोडा वेळ थांबला आणि टेपवर थर्मामीटर धरला तर आकडा जवळपास पत्र्याइतकाच! चकचकीत फॉइल स्वतःची उष्णता फारच कमी बाहेर टाकतं आणि आरशासारखं समोरचंच दाखवतं, त्यामुळे तो थर्मामीटर तिच्यावर चुकतोच. हे त्या माणसाला माहीत नव्हतं असं मी मुळीच मानणार नाही, रोज तोच धंदा करतो.

दुसरी लबाडी कागदावर होती. ब्रोशरमध्ये ग्लासवूलची आर-व्हॅल्यू (उष्णता अडवण्याची ताकद, जास्त तितकी चांगली) 2.5 आणि यांच्या सिस्टीमची 6 अशी शेजारी शेजारी छापलेली. 2.5 हा मेट्रिक आकडा, साधारण 100 मिमी ग्लासवूलचा, आणि 6 हा अमेरिकन पद्धतीचा. अमेरिकन आकड्याला 5.678 ने भागलं की मेट्रिक येतो, म्हणजे यांचे 6 फक्त 1.06 च्या आसपास! वर ते 6 सुद्धा एकट्या शीटचे नाहीत, शीटच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवून आणि उष्णता वरून खाली येताना मोजलेले, तेही खाली बारीक अक्षरात. आमच्याकडे तर शीट पत्र्याला घट्ट चिकटवलेली, म्हणजे वरच्या बाजूच्या चमकीचा उपयोग शून्य. फॉइल नसलेल्या साध्या पोकळीची व्हॅल्यू मेट्रिकमध्ये 0.2 च्या आसपास असते, मग ती आठ इंच असो की एक इंच.

फॉइल वाईट नाही हे पण सांगते. कडक उन्हाच्या ठिकाणी, चमकदार बाजू मोकळ्या हवेकडे आणि शक्यतो खाली तोंड करून लावली (वर तोंड असेल तर धूळ बसून चमक जाते) तर ती कामाची आहे, पण इन्सुलेशनच्या जोडीला, ते काढून नाही. आणि "सील" या शब्दावर विशेष लक्ष ठेवा. वायरी, पाइप, दिवे यांच्याभोवतीच्या फटी बुजवणं हे सीलिंग खरंच फार उपयोगी आहे, ते वूल घालायच्या आधी करायचं असतं, आणि नेमकं तेच यांनी केलं नाही.

तर कोणी दारात आलं तर टेस्ट रिपोर्ट पूर्ण मागा, आकडा एकट्या मटेरियलचा की अख्ख्या सिस्टीमचा, मेट्रिक की अमेरिकन, उष्णता कुठल्या दिशेने जाताना मोजलेला, हे लेखी घ्या. थर्मामीटर दाखवला तर आपली काळी टेप लावून बघा. जुनं वूल कोरडं असेल तर कोणाच्याही सांगण्यावरून काढू देऊ नका. आमचा कॉन्ट्रॅक्टर आता फोन उचलत नाही, लेखी तक्रार केलीय, आणि सध्या फटी बुजवून परत ग्लासवूल घालायचं काम दुसऱ्याकडून चाललंय.