विंडोजचा ‘परवानगी द्यायची का?’ हा प्रश्न: कुठे उपयोगाचा, कुठे अपुरा

इंदूरला रामबाग, सियागंज, जेल रोड या भागांतल्या लहान ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळणं हा माझा व्यवसाय आहे. वर्षाचा करार करायला बसलं की मालक हमखास विचारतात, “ताई, विंडोज स्वतःच विचारतं ना, परवानगी द्यायची का म्हणून? मग वरून अँटिव्हायरसचे पैसे कशाला?” प्रश्न रास्त आहे. म्हणूनच विंडोजबरोबर फुकट मिळणाऱ्या या सोयीबद्दल जरा सविस्तर लिहिते.

नवीन सॉफ्टवेअर टाकताना स्क्रीन काळवंडते, मधोमध एक चौकट येते आणि ‘येस’ की ‘नो’ विचारते. याचं नाव युझर अकाउंट कंट्रोल. २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर ते घरोघरी आलं, आणि तेव्हा उठता-बसता विचारायचं. वैतागून कितीतरी लोकांनी ते बंदच करून टाकलं होतं. २००९ च्या विंडोज ७ मध्ये विचारणं कमी झालं. स्क्रीन काळवंडते ती शोभेसाठी नव्हे. त्या वेळात दुसरा कुठलाही प्रोग्रॅम तुमच्या वतीने ‘येस’ दाबू शकत नाही. ही रचना मला मनापासून आवडते. सॉफ्टवेअर कोणी बनवलं याची खातरजमा झालेली असेल तर पट्टी निळी दिसते, नसेल तर पिवळी. एवढा रंग ओळखायला मी ऑफिसातल्या प्रत्येकाला शिकवते.

पण ही चौकट राखते काय, तर विंडोजची सिस्टिम. प्रोग्रॅम फाइल्स, ड्रायव्हर, दुसऱ्या युझरचा डेटा, इथे हात घालायचा असेल तरच ती उभी राहते. तुमच्या स्वतःच्या फाइलींना तुमच्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्रॅम न विचारता हात लावू शकतो. वाड्याच्या दिंडीला भक्कम अडसर आणि ओसरीवरचा पेटारा मात्र उघडा, तसं हे आहे.

याचा फटका एका ट्रेडिंग ऑफिसला बसलेला मी पाहिला आहे. मालकांना घरच्या मेलवर परचेस ऑर्डरची झिप आली होती. ती त्यांनी पेन ड्राइव्हवर घालून ऑफिसात आणून दिली. आत पीडीएफचं चित्र असलेली फाइल. नावाच्या शेवटी खरं तर ‘.pdf.exe’ होतं, म्हणजे तो प्रोग्रॅम होता, पण विंडोज मुळातच शेवटचं एक्स्टेन्शन लपवतं, त्यामुळे दिसत होतं फक्त ‘.pdf’. अकाउंट्स बघणाऱ्या काकांनी डबल क्लिक केलं, काहीच उघडलं नाही, म्हणून ते चहाला उठले. परत येईपर्यंत डॉक्युमेंट्समधल्या आणि डी ड्राइव्हवरच्या एक्सेल शीटांची नावं बदललेली, एकही उघडेना, आणि डेस्कटॉपवर पैसे मागणारी चिठ्ठी. मी पोचले तेव्हा काका रडवेले झाले होते. “ताई, शपथेवर सांगतो, मी कुठेही येस दाबलं नाही.” त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. चौकट आलीच नव्हती, कारण सिस्टिमला धक्काही लागला नव्हता. कपाटातल्या हार्ड डिस्कवर बॅकअप होता म्हणून वर्षाचे हिशोब वाचले.

मग दुसरी, निळी खिडकी का आली नाही? तिचं नाव स्मार्टस्क्रीन. इंटरनेटवरून उतरलेल्या फाइलवर विंडोज एक अदृश्य खूण ठेवतं, आणि अनोळखी प्रोग्रॅमवर ती खूण दिसली की ही खिडकी आडवी येते. पण ही खूण एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवरच टिकते, कॉम्प्युटरची आतली डिस्क तशी असते. आपले पेन ड्राइव्ह बहुतेक फॅट ३२ किंवा एक्सफॅट, तिथे फाइल गेली की खूण पुसली जाते. झिप उघडणारी काही सॉफ्टवेअरंही ती पुढे नेत नाहीत. ज्या गावात निम्मं कामकाज पेन ड्राइव्हवरून आणि झेरॉक्सच्या दुकानातून चालतं, तिथे ही मोठी उणीव आहे.

चौकट येते तेव्हाही ती जे विचारते त्याचं उत्तर माणसाजवळ नसतं. “या ॲपला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का?” बिचाऱ्या क्लार्कला काय कळणार? रिटर्न भरायची शेवटची तारीख आहे, डिजिटल सहीचं सॉफ्टवेअर टाकायचं आहे, तो ‘येस’च दाबणार. उलट फोनचं बघा. लोकमान्य नगरातल्या एका मावशींना व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली, ती निघाली एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल. फोनने अडवलं, त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन सूट दिली. इन्स्टॉल करू का विचारलं, हो म्हटलं. मग फोनने विचारलं, या ॲपला तुमचे एसएमएस वाचू द्यायचे का? तिथे मावशी थांबल्या. “पत्रिकेला माझे मेसेज कशाला वाचायचेत गं?” असं म्हणत त्यांनी मला फोन लावला. ते ॲप ओटीपी चोरणारं होतं. आधीच्या सगळ्या सूचनांनी जे साधलं नाही ते एका नेमक्या प्रश्नाने साधलं. (पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा, वेळ घालवू नका.)

माझ्या अनुभवात सगळ्यांत चोख संरक्षण ते, जे विचारतच नाही. पेन ड्राइव्ह लावल्याबरोबर त्यातला प्रोग्रॅम आपोआप चालू होणं मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ मध्ये थांबवलं, आणि २०११ मध्ये अपडेट देऊन एक्सपी-व्हिस्टावरही थांबवलं. इंटरनेटवरून आलेल्या वर्ड-एक्सेल फाइलींमधले मॅक्रो, म्हणजे फाइलीत दडलेले छोटे प्रोग्रॅम, २०२२ पासून आपसूक बंद असतात. ‘येस’ दाबायला जागाच ठेवलेली नाही.

मॅकवाल्यांसाठी थोडक्यात: तिथलं अनोळखी ॲप अडवणारं गेटकीपर अधिक कडक आहे, २०२४ च्या मॅकओएस सेक्वोयापासून तर अनोळखी ॲप उघडायला सेटिंग्जमध्ये जावंच लागतं. तरीही २०२० मध्ये खुद्द ॲपलच्या तपासणीतून पास झालेलं मालवेअर सापडलं होतं.

आणि हल्ली नवीनच फसवणूक आहे. एखादं पान ‘मी रोबॉट नाही’ हे सिद्ध करायला विंडोज की आणि आर, मग कंट्रोल व्ही, मग एंटर दाबायला सांगतं. असं पान दिसलं की तत्काळ बंद करा. त्या पानाने गुपचूप कॉपी करून ठेवलेली कमांड तुम्ही स्वतः चालवता, त्यामुळे कुठलीच खिडकी आडवी येईल याचा भरवसा नाही.

माझा कौल असा: पाचपैकी तीन तारे, आणि रोजच्या कामाला स्टँडर्ड खातं केलं तर चार. विंडोज बसवताना बनतं ते पहिलं खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं असतं, म्हणून नुसत्या ‘येस’वर भागतं. स्टँडर्ड खात्यात तीच चौकट पासवर्ड मागते, आणि तो मालकांजवळ असला की क्लार्कला उठून विचारावंच लागतं. युझर अकाउंट कंट्रोलच्या सेटिंगमधला स्लायडर सगळ्यांत वर ठेवा, कारण मधल्या पातळीवर विंडोजचे स्वतःचे काही प्रोग्रॅम न विचारता ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार घेतात आणि मालवेअर नेमकं त्यांच्याच आडून शिरतं. एक्स्टेन्शन दिसू द्या. विंडोज सिक्युरिटीत ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ २०१७ पासून आहे, ते अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या फोल्डरांतल्या फाइली बदलू देत नाही, ते चालू करा. काकांच्या एक्सेल शीटा वाचवण्यासाठीच बनवलेली ही सोय मुळात बंद का ठेवतात, हे मला आजवर पटलेलं नाही. सुरुवातीला ती अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरलाही अडवेल, त्याला एकदा परवानगी दिली की झालं.

वेगळा अँटिव्हायरस घेतलात तर मात्र ही सोय चालत नाही, कारण ती विंडोजबरोबर येणाऱ्या डिफेंडर या अँटिव्हायरसवर अवलंबून आहे. तेव्हा त्या पैशांतून मी आधी बॅकअपसाठी दुसरी हार्ड डिस्क घ्यायला सांगते, आणि कॉपी झाली की ती काढून कपाटात ठेवायला.