अझूल: टाइल्स देखण्या, चाली धारदार, बोर्ड मात्र सपाट

घरात एकच आधुनिक बोर्ड गेम ठेवायचा असेल आणि तो बहुतेक वेळा दोघांतच खेळला जाणार असेल, तर बिनधास्त अझूल घ्यावा. चौघांतही तो रंगतो, पण तेव्हा तो जवळजवळ दुसराच खेळ होतो. तक्रार एकच आहे, पण इतक्या गाजलेल्या खेळाला ती शोभत नाही: ज्या बोर्डावर सगळा डाव मांडायचा, तो नुसता सपाट पुठ्ठा आहे.

मिखाएल कीसलिंग या जर्मन डिझायनरचा हा खेळ २०१७ मध्ये आला आणि २०१८ मध्ये त्याला ‘श्पील देस यारेस’, म्हणजे जर्मनीतला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला. कीसलिंगला हा मान नवा नव्हता. वोल्फगांग क्रामरबरोबर केलेल्या टिकाल (१९९९) आणि टोरेस (२०००) या खेळांनाही तो मिळाला होता. ते दोन्ही डोकं पिकवणारे खेळ. अझूलचे नियम दहा मिनिटांत सांगून होतात.

डब्यात रेझिनच्या १०० टाइल्स येतात: निळा, पिवळा, लाल, काळा आणि पांढरा, प्रत्येकी २०. शिवाय एक कापडी पिशवी, ९ गोल चकत्या, ४ बोर्ड, गुण मोजायचे ४ काळे ठोकळे आणि पहिल्या खेळाडूची एक खूण. टाइल्सना छान वजन आहे, पिशवीत हात घातला की त्यांचा खुळखुळाट ऐकू येतो, आणि निम्मी गंमत त्या हाताळण्यातच आहे. खेळताना वाचावं लागेल असं काहीही नाही. इंग्रजी न वाचणारी आजी आणि तिसरीतली नात समोरासमोर बसू शकतात. आपल्या घरांत ही गोष्ट छोटी नाही, कारण बाहेरून येणारे कितीतरी चांगले खेळ कार्डांवरच्या इंग्रजी मजकुरापाशीच अडतात.

पुस्तिकेतली गोष्ट अशी: पोर्तुगालचा राजा मनुएल पहिला स्पेनमधला अल्हंब्रा हा राजवाडा पाहून तिथल्या टाइलकामावर भाळला आणि एव्होराचा आपला राजवाडा तसाच सजवायचं त्याने ठरवलं, खेळाडू म्हणजे त्याचे कारागीर. मनुएलची कारकीर्द १४९५ ते १५२१. ग्वाल्हेरकरांना हे चित्र डोळ्यांसमोर आणायला एव्होराला जायला नको. किल्ल्यावरच्या मान मंदिर या राजवाड्याच्या बाहेरच्या भिंतींवर निळ्या, पिवळ्या, हिरव्या टाइल्समधल्या बदकांच्या रांगा, हत्ती आणि केळी आजही दिसतात, आणि ते बांधणारा मानसिंह तोमर (१४८६ ते १५१६) हा मनुएलचा समकालीन. खेळात मात्र ही सगळी कथा झाकणापुरतीच आहे. टाइल्सऐवजी दाल बाजारातून आणलेल्या पाच डाळी वापरल्या तरी एकही नियम बदलावा लागणार नाही. ज्यांना खेळातून गोष्ट घडलेली हवी असते त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

आता डाव. पिशवीतून न बघता टाइल्स काढून प्रत्येक चकतीवर ४ ठेवायच्या. दोघांत ५ चकत्या, तिघांत ७, चौघांत ९. आपल्या पाळीला एखाद्या चकतीवरच्या एकाच रंगाच्या सगळ्या टाइल्स उचलायच्या आणि उरलेल्या मधोमध सरकवायच्या, नाहीतर मधल्या ढिगातून एका रंगाच्या सगळ्या उचलायच्या. फेरीत ढिगाला जो पहिल्यांदा हात लावेल त्याला पहिल्या खेळाडूची खूण मिळते. पुढच्या फेरीची सुरुवात त्याची, पण ती खूण त्याच्या बोर्डावरच्या दंडाच्या, म्हणजे गुण कापणाऱ्या, ओळीतलं एक घर अडवून बसते.

उचललेल्या टाइल्स बोर्डाच्या डाव्या बाजूच्या पाचांपैकी एका ओळीत ठेवायच्या. या ओळींना १, २, ३, ४ आणि ५ घरं आहेत, आणि एका ओळीत एकच रंग चालतो. जास्तीच्या टाइल्स शेजारच्या ओळीत ढकलता येत नाहीत. त्या खाली दंडात पडतात. सगळ्या टाइल्स संपल्या की वरून खाली क्रमाने, भरलेल्या प्रत्येक ओळीतली एक टाइल उजवीकडच्या ५ × ५ भिंतीवर त्या रंगाच्या घरात जाते आणि ओळीतल्या बाकीच्या डब्याच्या झाकणात. अर्धवट ओळी तशाच राहतात. त्या रिकाम्या करणं ही नवख्यांची सगळ्यात नेहमीची चूक, आणि तिने खेळाचा कणाच मोडतो, कारण मग चौथ्या-पाचव्या ओळीकडे कोणी फिरकतच नाही. दुसरी चूक म्हणजे ज्या आडव्या रांगेत तो रंग भिंतीवर आधीच बसला आहे, त्याच ओळीत तो पुन्हा जमवायला घेणं. तिसरी गुणांची. एकट्या टाइलला १ गुण. शेजारी असतील तर सलग आडव्या टाइल्स मोजायच्या, मग सलग उभ्या, आणि दोन्हीकडे असतील तर नवी टाइल दोन्ही वेळा धरायची. डावीकडे सलग दोन आणि वर एक असेल तर आडवे ३, उभे २, मिळून ५. इथे लोक हटकून ४ लिहितात.

दंडाच्या ओळीतली ७ घरं अशी: −१, −१, −२, −२, −२, −३, −३. एखाद्याची आडवी रांग पूर्ण झाली की ती फेरी शेवटची. मग पूर्ण आडव्या रांगेला २, उभ्या रांगेला ७ आणि पाचही ठिकाणी बसलेल्या रंगाला १० असे जादा गुण.

हे आकडे सहज पडलेले नाहीत. डाव्या बाजूला एकूण १५ घरं आहेत, पण दोघांच्या डावात एका फेरीत २० टाइल्स येतात, म्हणजे माणशी साधारण १०. चौघांत ३६ येतात, म्हणजे ९. सगळ्या ओळी एका फेरीत भरणं शक्यच नाही. काहीतरी अर्धवट राहणारच, आणि काय अर्धवट ठेवायचं हाच खेळ. आता जादा गुणांची किंमत पाहा. सगळ्यात वरची आडवी रांग ५ टाइल्समध्ये होते, सगळ्यात खालची व्हायला २५ लागतात, आणि बक्षीस दोन्हींना २ गुणच. उभी रांग कुठलीही घ्या, लागतात १५ टाइल्स आणि मिळतात ७ गुण. एक रंग पाचही ओळींत बसवायलाही त्या रंगाच्या १५ टाइल्स लागतात, आणि त्याचे १० गुण. पण पिशवीत त्या रंगाच्या आहेत २०च. म्हणजे समोरचाही त्याच रंगामागे असेल तर दोघांचं जमणं फार कठीण. कोण आधी माघार घेतो एवढंच बघायचं. नवखा खेळाडू आडव्या रांगांमागे धावतो, मुरलेला मधली उभी रांग लवकर धरतो, कारण तिथल्या टाइलला दोन्ही बाजूंना शेजारी मिळतात.

दोघांचा डाव सर्वांत तीक्ष्ण का, तेही याच हिशेबात आहे. दर फेरीला २० टाइल्स, पिशवीत १००. बरोब्बर पाच फेऱ्यांत पिशवी रिकामी होते. शिवाय रांग पूर्ण करायला किमान पाच फेऱ्या लागतातच, म्हणून डावाचा निकाल बऱ्याचदा पाचव्या फेरीतच ठरतो. झाकण आणि दोन्ही बोर्ड नीट बघून मोजलं, तर पाचव्या फेरीत कुठले रंग किती येणार हे चकत्या भरण्याआधीच कळतं. चौघांत दोन फेऱ्यांतच ७२ टाइल्स जातात आणि तिसऱ्या फेरीच्या चकत्या भरतानाच झाकणातल्या टाइल्स पिशवीत परत भराव्या लागतात. मोजणी तिथेच कोसळते. त्यात आपल्या दोन पाळ्यांमध्ये तिघे खेळून जातात. तिथे बेत आखण्यापेक्षा दोन-तीन ओळी मोकळ्या ठेवणं शहाणपणाचं. तिघांचा डाव मधलाच, विशेष सांगण्यासारखं काही नाही.

चकत्या एकदा भरल्या की फेरीत नशिबाला जागा नाही, सगळं सगळ्यांना दिसतं. म्हणूनच फेरीच्या शेवटच्या चाली बोचतात. मधल्या ढिगात ५ लाल उरल्या आहेत, पाळी तुमची, आणि लाल घेणारी एकही ओळ मोकळी नाही: १ + १ + २ + २ + २, सरळ ८ गुण गेले. हे आपोआप घडत नाही. समोरच्याने दोन चाली आधी चकतीवरच्या लाल टाइल्स मुद्दाम मधे ढकललेल्या असतात. एरवी ‘काकूंना कशाला अडवायचं’ म्हणणारी मंडळी तिसऱ्या डावापर्यंत काकूंच्या पदरात खुशाल काळ्या टाइल्स टाकू लागतात. (काकूही काही कमी नसतात.) एक बारकावा पुष्कळांच्या नजरेतून सुटतो: गुण शून्याखाली जात नाहीत. पहिल्या फेरीत हाती दोन-तीनच गुण असतात, तेव्हा पाचवी ओळ एका झटक्यात भरण्यासाठी दोन-तीन टाइल्स दंडात गेल्या तरी नुकसान नाममात्र. चौथ्या फेरीत तीच चाल महागात पडते.

बोर्डाची मागची बाजू करडी आहे. तिथे कुठला रंग कुठे बसवायचा हे तुम्हीच ठरवायचं, फक्त एका उभ्या रांगेत तोच रंग दोनदा नको. पहिले आठ-दहा डाव ती उलटू नये. भरलेल्या ओळीतल्या टाइलला भिंतीवर जागाच उरली नाही असा पेच तिथे येतो आणि मग ती सगळी ओळ दंडात जाते.

आता त्या सपाट पुठ्ठ्याकडे. टाइल्सना बसायला खाच नाही आणि गुणांचा ठोकळा बारीक चौकोनांवर नुसता टेकलेला असतो. बाहीचा धक्का लागला की भिंत विस्कटते. भिंतीवर रंग छापलेले असल्याने ती पुन्हा मांडता येते, पण ठोकळा ३४ वर होता की ४३ वर यावर वाद होतो. ठोकळा डब्यातच राहू द्या आणि गुण वहीत लिहा; दर फेरीला मिळकत आणि दंड वेगळे लिहिले की चूकही पकडता येते. क्रिस्टल मोझेक (२०२०) या विस्तारात बोर्डावर ठेवायची पारदर्शक प्लास्टिकची जाळी येते, तिने टाइल्स घट्ट राहतात. पण मूळ डब्यात असायला हवी ती वस्तू पुन्हा पैसे मोजून घ्यावी लागते, हे पटत नाही. नावाच्या पाट्या बनवणाऱ्याकडून पातळ ॲक्रिलिकची जाळी कापून घेणं हाही उपाय आहे. माप स्वतःच्या टाइलवरून घ्या आणि प्रत्येक घराला अर्धा मिलिमीटर ढील ठेवा, नाहीतर टाइल अडकते. सतरंजीवर बसून खेळणार असाल तर बोर्डाखाली चौरंग किंवा प्लायचा तुकडा हवाच.

ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात या खेळाचा एक फायदा ठळक दिसतो. कूलरसमोर पत्त्यांचे खेळ मांडता येत नाहीत. स्प्लेंडर (२०१४) हा उत्तम खेळ, पण त्याची ९० कार्डं मे महिन्यात टेबलापेक्षा जमिनीवरच जास्त सापडतात. अझूलच्या टाइल्स जागच्या हलत नाहीत. बोर्ड मात्र कूलरच्या दमट हवेत वाकतो. डबा त्या झोतात ठेवू नये. वाकलाच तर दोन सपाट फळ्यांमध्ये वजनाखाली दोन-तीन दिवस दाबून ठेवावा. थंडीत प्रश्न वेगळा: गजकाचा तिळाचा भुगा आणि कचोरीचं तेल. टाइल्स कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुता येतात, पुसून पूर्ण वाळवूनच पिशवीत टाका. बोर्ड आणि चकत्यांना ओलं फडकं लावू नका, पुठ्ठा कडेने फुगतो. खाणं डावानंतर ठेवलं तर बरं. डाव पाऊण तासाच्या आत संपतो, तेवढा धीर धरवतो.

डब्यावर वय ८ लिहिलं आहे ते बरोबर आहे. सहा वर्षांचं मूल टाइल्स आनंदाने लावतं, पण समोरच्याच्या बोर्डाकडे बघून चाल ठरवणं त्याला जमत नाही. इतकी लहान मुलं असतील तर ७२ टाइल्सचा कारकासोन (२०००) आधी आणा. तिथे सगळे मिळून एक नकाशा लावतात आणि अडवाअडवी सौम्य असते. अझूलची पुढची भावंडंही निघाली आहेत. त्यांतला समर पॅव्हिलियन (२०१९) जास्त मोकळा आणि कमी जाचक आहे, पण पहिला तो पहिलाच.

खरेदीबद्दल. कॅरम, लुडो आणि व्यापार ठेवणाऱ्या नेहमीच्या दुकानांत हा खेळ मिळेलच असं नाही, बहुतेकांना तो ऑनलाइनच मागवावा लागतो, आणि याच्या नकला बाजारात बऱ्याच आहेत. किंमत इतर विक्रेत्यांच्या निम्म्याहून कमी दिसली की सावध व्हा. नकली संचात टाइल्स हलक्या आणि कडांना खरखरीत लागतात, बोर्ड पातळ असतो, छपाई अंधुक असते आणि भिंतीवर छापलेला रंग टाइलच्या रंगाशी जुळत नाही. डबा आल्याबरोबर टाइल्स रंगवार पाच-पाचच्या चळतींत मांडा. प्रत्येक रंगाच्या चार चळती झाल्या पाहिजेत. एक जरी टाइल कमी असेल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत फोटो काढून विक्रेत्याला कळवा, कारण १९ निळ्यांनी डाव चालतो खरा, पण दोघांच्या खेळातली ती सगळी मोजणी चुकत जाते.