खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर, वर्षभर वापरून

आमच्या काकांचं देवबागजवळ खाडीला लागून कोळंबीचं तळं आहे, त्यांच्यासाठी गेल्या जूनमध्ये ऑनलाइन मागवला, १५०० च्या आसपास पडला. पहिल्या दिवशी काका म्हणाले, "जिभेक कळता, यंत्र कित्याक होया?" आता तेच रोज सकाळी खिशात घालून बांधावर जातात, म्हणजे समजून जा.

वापरायला काहीच नाही, काचेवर दोन थेंब टाका, झाकण पाडा, उजेडाकडे धरून डोळा लावा, वर निळं खाली पांढरं दिसतं आणि मधली रेघ असेल तो आकडा. बुडबुडा राहिला तर रेघ फिसकटते. आकडा म्हणजे १००० ग्रॅम पाण्यात किती ग्रॅम क्षार. जगातल्या समुद्रांची सरासरी ३५, आपला अरबी समुद्र जरा चढाच कारण पाणी वाफ होऊन जातं भरपूर आणि मोठ्या नद्या कमी, तिकडे बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रा ओततात म्हणून ते पाणी सौम्य.

खरी मजा कर्ली नदीच्या मुखाशी. ऑगस्टात ओहोटीला होडीतून वरचं पाणी घेतलं, ४. मग बाटलीला दगड बांधून तळाशी सोडली, बूच दोरीने उपटलं, वर काढली तर २२! जागा तीच, खोली जेमतेम दोन पुरुष. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगत बाहेर जातं आणि जड खारं खालून आत सरकतं. काका इतकी वर्षं पावसात पंपाचा पाइप वरच ठेवायचे आणि तळं गोडं झालं म्हणून पावसाला शिव्या घालायचे, आता पाइप खाली गेलाय. मे महिन्यात तिथंच मोजलं तर वर-खाली सारखंच, ३५ च्या आगेमागे.

पुतणीने विचारलं, नद्या गोड्या तर समुद्र खारा कसा? नदीपण अगदी गोडी नसते गं, दगड झिजवत चिमूटभर क्षार आणतेच, मीटरला ते दिसत नाहीत एवढंच. समुद्रातून वाफ उडते ती नुसत्या पाण्याची, क्षार मागे राहतात, कोट्यवधी वर्षं हेच चालू, शिवाय समुद्रतळाच्या गरम झऱ्यांतूनही थोडा माल येतो. मग दरवर्षी वाढत का नाही म्हणे! कारण जवळजवळ तेवढेच क्षार तळाच्या गाळात जाऊन बसतात. फेब्रुवारीत तिला शिरोड्याच्या मिठागरात नेलं, तिथल्या आटत आलेल्या पाण्याचा थेंब टाकला तर सगळंच पांढरं, रेघ गायब, स्केल १०० लाच संपतं ना.

तक्रारी दोन. शून्य लावायचा छोटा स्क्रूड्रायव्हर डब्यात नव्हताच, विक्रेत्याला कळवलं तर "रिटर्न करा", शेवटी चष्म्याचा वापरला. दुसरी मोठी, स्केल साध्या मिठाच्या पाण्याचं आहे, त्यामुळे खरं ३५ चं समुद्राचं पाणी हा ३६.५ दाखवतो आणि माहितीपत्रकात याचा पत्ताच नाही, घेणाऱ्याने ३५ च्या आसपास दीड वजा करून वाचावं, आकडा लहान असेल तर त्या मानाने कमी. एक स्टार त्याचा कापला. डोळ्याकडची रबरी टोपी दुसऱ्याच महिन्यात खाडीत गेली, पण ती काकांच्या हातून, त्याचे मार्क कापत नाही.