परसातलं बांबूचं हरितगृह: तिन्ही ऋतू काढल्यानंतर

आधी निकाल सांगते. कोल्हापूरसारख्या गावात परसदारी हरितगृह उभारायचं असेल तर ते पावसाचा विचार करून उभारा. थंडीसाठी उभारलंत तर पैसे वाया जातील. आमचं दिवाळीच्या तोंडावर उभं राहिलं आणि आता गणपती होऊन गेले, तेव्हा हिवाळा, उन्हाळा, पावसाळा सगळं बघून लिहितेय.

परदेशी व्हिडिओंत दिसणारी ती चारही बाजूंनी बंद, दाराला कडी असलेली काचेची घरं बर्फाच्या देशांतली. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या घरात उष्मा साठतो तो मुख्यतः तापलेली हवा बाहेर पडत नाही म्हणून. रॉबर्ट वूड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९०९ मध्येच दोन खोकी उन्हात ठेवून हे दाखवलं होतं. आपल्याकडे तीच हवा बाहेर काढायची मारामार असते. म्हणून आमच्या घराला प्लास्टिक फक्त छताला आहे, चारही बाजूंना जाळी. हिवाळ्यात पहाटे आत-बाहेर जेमतेम एक-दोन अंशांचा फरक पडायचा, आणि तेवढ्यात टोमॅटो-वांग्याची रोपं मजेत होती.

माप १० बाय १२ फूट. कडेची उंची साडेसहा, मधोमध नऊ. सांगाड्याला कोकणातून येणारा माणगा बांबू वापरला. तो जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे वाऱ्यात चिरफळत नाही. खांब थेट मातीत पुरले नाहीत. चार इंची पीव्हीसी पाइपचे दोन-दोन फुटी तुकडे खडीवर उभे करून भोवती काँक्रीट भरलं आणि बांबूची टोकं जळक्या ऑइलमध्ये बुडवून त्यात बसवली. पाइप खालून मोकळा असल्यामुळे पाणी खडीत जिरतं आणि उद्या एखादा खांब कुजला तर तेवढाच उपसून बदलता येतो. छताच्या दोन उतारांपैकी पश्चिमेचा फूटभर वर उचलून पूर्वेच्या उतारावर पुढे काढलाय आणि मधल्या फटीला जाळी ठोकलीय. पॉलीहाऊसवाले, म्हणजे प्लास्टिकच्या मोठ्या हरितगृहांत शेती करणारे, याला टॉप व्हेंट म्हणतात. आमच्याकडे पावसाचा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून फटीचं तोंड पूर्वेला. ही फट ठेवली नाही तर बाकीचं सगळं बरोबर करूनही आत भट्टी होते.

कागदाबद्दल, म्हणजे छताच्या प्लास्टिकबद्दल, थोडं जास्त लिहिते, कारण इथेच लोक पैसे वाचवायला जातात. ताडपत्रीच्या दुकानात मिळणारं साधं पारदर्शक प्लास्टिक उन्हात काही महिन्यांतच कडक होऊन तडकतं. घ्यायचा तो पॉलीहाऊसचाच २०० मायक्रॉन जाडीचा, उन्हाने लवकर न विरणारा यूव्ही कागद. तो किलोवर मिळतो. चौरस मीटरला साधारण १८५ ग्रॅम भरतो, त्यामुळे आमच्या छताला दुमडीसकट साडेतीन किलो पुरला. एवढ्यासाठी अख्खा रोल कोणी फोडून देत नाही, म्हणून पॉलीहाऊस उभारणाऱ्या ठेकेदाराकडचा उरलेला तुकडा घेतला. ज्या बाजूवर छपाई असते त्या बाजूने तो कसा लावायचा हे देणाऱ्यालाच विचारून घ्या. ताणायचा तो वारा पडलेला असताना, ऊन चढल्यावर. सकाळच्या गारव्यात ताणला तर दुपारी सैल पडतो आणि त्या झोळात पाणी साचतं. बांबू तापून कागद जिथे टेकतो तिथेच आधी विरतो, म्हणून त्या सगळ्या रेषांवर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या आहेत.

मजुरी धरून सगळा खर्च नऊ हजारांच्या आत बसला. अनुदानाची चौकशी करत बसू नका. ते सातबारा असलेल्या शेतकऱ्यांच्या मोठ्या पॉलीहाऊससाठी असतं.

उन्हाळा अवघड गेला. एप्रिलच्या दुपारी बाहेर ३८ अंश असताना नुसत्या कागदाखाली ४६ दिसले. कागदाच्या वर फूटभर अंतर सोडून ५० टक्क्यांचं, म्हणजे निम्मं ऊन अडवणारं, शेडनेट बांधलं तेव्हा ४० वर आलं. नेट आतून बांधलं तर ऊन आधी आत येतं आणि मग अडतं, त्याचा उपयोग कमी. पण तापमानापेक्षा लाल कोळी या बारीक किडीने जास्त छळलं. बाहेरच्या झाडांवरचे कोळी वळवाच्या सरीत धुऊन जातात, इथे पाऊसच लागत नाही. ढबू मिरचीची पानं आधी बारीक ठिपक्यांनी फिकट झाली, मग खालच्या बाजूला जाळं दिसायला लागलं. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा आणि मधूनमधून निंबोळी तेल, एवढ्यावर निभावलं. मिरची मात्र बेताचीच मिळाली.

पाऊस न लागण्याचा दुसरा परिणाम मातीवर दिसला. बोअरचं पाणी सतत दिल्यामुळे वाफ्यावर पांढरा थर यायला लागला. ते क्षार. बाहेर ते पहिल्या पावसात खाली उतरतात. इथे आपणच अधूनमधून भरपूर गोडं पाणी सोडून माती धुवायची.

आणि मे महिन्यात वळीव आला. अर्ध्या तासाच्या वाऱ्याने पूर्वेच्या उताराचा कागद एका कडेने उपटून शिडासारखा फडकवला. फाटला नाही हे नशीब. आता दोन्ही उतारांवरून नायलॉनची दोरी तिरकी, फुलीफुलीने ओढून खालच्या आडव्या बांबूला बांधलीय. जून-जुलैच्या वाऱ्यात काही हललं नाही.

खरी वसुली पावसाळ्यात झाली. बाहेर धो-धो पावसात कोथिंबीर आडवी होऊन कुजते आणि बाजारात जुडीला हात लावायची सोय उरत नाही. आमच्याकडे धणे रगडून दर पंधरवड्याला एक पट्टा पेरत गेलो आणि जुलै-ऑगस्टमध्ये विकतची कोथिंबीर घरात आली नाही. मेथी, पालकही तसाच. सासूबाई आधी "कशाला गं ह्या प्लास्टिकच्या भानगडी" म्हणायच्या. श्रावणात त्यांनीच शेजारच्या काकूंना जुड्या वाटल्या, वर "घरचीच हाय, न्या" असं म्हणून. ट्रेमधल्या रोपांनाही पावसाळा मानवला. फक्त कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सतत ओलं ठेवलं तर रोपं बुडातून कोलमडतात, त्यामुळे ढगाळ दिवशी पाण्याला सुट्टी.

काकडीचा मात्र विचार करून ठेवा. बाजूंना ४० मेशची (इंचाला ४० छिद्रांची) जाळी लावली की पांढरी माशी अडते आणि मधमाशीही अडते. वेल मांडव भरून चढला, पिवळी फुलं लगडली, आणि छोट्या काकड्या बोटभर होऊन पिवळ्या पडून गळायला लागल्या. मग रोज सकाळी नर फूल तोडून मादी फुलावर टेकवायचं काम मागे लागलं. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, म्हणजे त्याची वेळ वेगळी. हा उद्योग नको असेल तर परागीभवनाशिवाय फळणारं पॉलीहाऊसचं काकडीचं बियाणं घ्या. ते महाग असतं, पण बिया मोजक्याच लागतात. टोमॅटोचं एवढं नाही, फुलं आली की दुपारच्या आधी काठीने वेल हलवला तरी भागतं.

पावसाळी दमटपणात काकडीवर केवडा हा पानांचा रोग आलाच. खालची पानं काढून हवा खेळती केली तेव्हा थोपला. गोगलगायी जाळीखालून शिरतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याशेजारी टाकायचं, सकाळी त्याखाली गोळा झालेल्या उचलून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. किळस येते, पण दुसरं काही एवढं चाललं नाही.

सध्या एका आडव्या बांबूखाली पिवळसर पीठ पडतंय, म्हणजे भुंगा लागलाय. तो बांबू दसऱ्यानंतर बदलायचा आहे. कागद अजून स्वच्छ आहे. शेवाळ आणि धूळ मऊ फडक्याने पुसली की उजेड लगेच वाढतो. असा कागद साधारण तीन वर्षं टिकतो असा हिशेब धरलाय. यंदा एका उताराला पन्हळ लावायची आहे. १० मिलिमीटर पाऊस पडला तर तेवढ्या उतारावरूनही पन्नासेक लिटर पाणी मिळतं, आणि क्षार धुवायला तेच पाणी सगळ्यात चांगलं. २०० लिटरचा ड्रम जुन्या बाजारात बघून ठेवलाय, आधी त्यात काय भरलं होतं ते विचारून मगच घेणार.