पर्यटक सुविधांचा सल्लागार आयोग: कायद्याने नेमावा की आदेशाने?

स्मारकं, वस्तुसंग्रहालयं, संसद भवन पाहायला येणाऱ्यांना माहिती, स्वच्छतागृह, बसायला जागा आणि वाहनतळ मिळावा म्हणून सरकारला सल्ला देणारं मंडळ नेमायचं, तर दोन वाटा आहेत. कायदेमंडळात कायदा करून आयोग नेमायचा, किंवा खात्याने आदेश काढून समिती बसवायची.

समिती लवकर कामाला लागते, पण मंत्री बदलला की गुंडाळलीही जाते. आयोगाची रचना आणि कामाची कक्षा कायद्यातच लिहिलेली असते. त्याला सहजी हात लावता येत नाही. मग कायदाच बरा, असं कुणालाही वाटेल.

वॉशिंग्टनमध्ये काय झालं ते मात्र आधी पाहा. १९६८ साली अमेरिकेने राष्ट्रीय पर्यटक केंद्राचा कायदा केला आणि त्यातच सल्लागार आयोगही नेमला. सिनेटर, प्रतिनिधिगृहाचे सदस्य, स्मिथसोनियन या सरकारी संग्रहालय-संस्थेचे सचिव अशी वजनदार मंडळी त्यावर होती. पण केंद्र युनियन स्टेशन या तिथल्या रेल्वे स्थानकातच करायचं, हे त्याच कायद्यात येऊन गेलं होतं. मुख्य प्रश्नाचं उत्तर आयोग बसण्याआधीच ठरलेलं! ४ जुलै १९७६ ला केंद्र उघडलं तेव्हा वाहनतळ अर्धवट होता. मुख्य दालनाची फरशी खोदून पडद्यावर पारदर्शिका (स्लाइड) दाखवायला जागा केली होती. लोक तिला 'खड्डा' म्हणू लागले. १९७८ मध्ये केंद्र बंद पडलं. दुरुस्त झालेलं स्टेशन पुन्हा उघडायला १९८८ उजाडलं.

म्हणून जागा आणि आराखडा ठरायचा असेल, तर मी आदेशाची छोटी समिती निवडेन; तिचा अहवाल हाती आल्याशिवाय जागेवर शिक्का मारू नये. तिच्यावर पदसिद्ध सदस्य कमी असावेत. चाकाच्या खुर्चीवरून फिरणारे, तान्ह्या मुलांना घेऊन येणारे आणि रोज तिथे झाडलोट करणारे लोक हवेतच. रांग कुठे अडते, नळ कधी बंद पडतो, हे त्यांना माहीत असतं. बैठका सर्वांसाठी खुल्या ठेवाव्यात. सरकारी सल्लागार समित्यांच्या बाबतीत अमेरिकेने १९७२ च्या कायद्याने तसा नियमच केला. मुदतवाढ दिली नाही, तर साधारणपणे दोन वर्षांत समिती संपते, हेही त्यात आहे.

इमारत उभी आहे आणि वर्षानुवर्षं देखभालीवर नजर ठेवायची आहे, तर मात्र कायद्याचाच आयोग नेमा. शिफारस आल्यावर ठरावीक दिवसांत खात्याने लेखी उत्तर द्यावं, असं एक कलम त्यात आवर्जून घाला.