वॉरंट निघालंय का? ई-कोर्ट्स ॲप काय सांगतं, काय सांगत नाही

पेशी चुकली, वकील फोन उचलत नाही आणि शेजारी सांगतो की सकाळी ठाण्याचा हवालदार तुमचं नाव विचारून गेला. अशा वेळी नागपुरात बहुतेक जण आधी मोबाइलवर ई-कोर्ट्स सर्व्हिसेस उघडतात. ॲप फुकट आहे, केस बघायला लॉगिन लागत नाही, आणि देशभरातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांची माहिती त्यात एकाच ठिकाणी मिळते. केस कुठे अडकली आहे हे कळायला यापेक्षा चांगलं साधन सामान्य माणसाच्या हाती नाही. वॉरंट शोधायला मात्र ते आडवळणाचं आहे, कारण 'माझ्या नावावर वॉरंट आहे का' असा थेट शोध त्यात नाही. आणि वॉरंट रद्द करायचं तर सिव्हिल लाइन्सचं न्यायमंदिर, म्हणजे नागपूरचं जिल्हा न्यायालय (तालुक्याची केस असेल तर तिथलं कोर्ट), गाठावंच लागतं.

सीएनआर, म्हणजे प्रत्येक केसचा स्वतंत्र ओळख-क्रमांक, हाताशी असेल तर काम मिनिटाचं. हा सोळा अक्षर-अंकांचा असतो: दोन अक्षरं राज्याची, दोन जिल्ह्याची, दोन अंक न्यायालयाचे, सहा अनुक्रमाचे आणि शेवटचे चार वर्षाचे. समन्सवर किंवा जुन्या आदेशाच्या प्रतीवर तो सापडतो. नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधा. त्यासाठी वर्ष द्यावं लागतं आणि आधी न्यायालय संकुल बरोबर निवडावं लागतं. नागपूर निवडून काटोल, कामठी, उमरेड, सावनेर किंवा रामटेकची केस सापडत नाही. लोक इथेच हमखास चुकतात आणि 'काही नाही' म्हणून निर्धास्त होतात. दुसरा घोळ इंग्रजी स्पेलिंगचा. गजभिये, खोब्रागडे, वानखेडे ही नावं तक्रारीत जशी टाइप झाली तशीच नोंदलेली असतात. पूर्ण आडनाव टाकण्यापेक्षा पहिली चार-पाच अक्षरं टाकून यादी वाचावी, आणि प्रलंबित व निकाली दोन्ही बघावं. पोलीस केस असेल तर ठाणं, एफआयआर क्रमांक आणि वर्ष टाकणं सगळ्यात भरवशाचं. अर्थात दोषारोपपत्र दाखल झालेलं असेल तरच.

केस उघडली की लोक फक्त पुढची तारीख पाहतात आणि ॲप बंद करतात. वॉरंटचा माग खाली असतो. आधी 'स्टेज' पाहा: 'बी.डब्ल्यू.' म्हणजे जामीनपात्र वॉरंट, 'एन.बी.डब्ल्यू.' म्हणजे अजामीनपात्र. पुढे 'अनरेडी' असेल तर वॉरंटची तामील होऊन केस पुढे सरकलेली नाही, एवढाच अर्थ घ्यावा. मग सुनावणीच्या यादीतल्या चुकलेल्या तारखेवर बोट ठेवा. त्या दिवशीचं कामकाज उघडतं. 'आरोपी गैरहजर, वॉरंट काढा' असा मजकूर इथे एका ओळीत असतो, कधी नुसतंच 'अॅब्सेंट' लिहून सोडलेलं असतं. सगळ्यात शेवटी 'प्रोसेस'चा, म्हणजे कोर्टाने काढलेल्या समन्स-वॉरंटचा, तक्ता. प्रोसेसची तारीख, प्रकार आणि कुणाच्या नावे, हे तिथे दिसतं. अनेक आरोपींच्या केसमध्ये वॉरंट नेमकं कुणाचं, हे बरेचदा फक्त याच तक्त्यावरून कळतं.

इथवर ठीक. पण ॲप कोरं दिसलं म्हणजे वॉरंट नाही असं समजू नका. रोजनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाची, नोंद हाताने होते, ती मागे-पुढे होऊ शकते. वर्षानुवर्षं आरोपी न सापडलेल्या केसेस 'डॉर्मंट फाइल'मध्ये टाकल्या जातात. तिथे पुढची तारीखच नसते, पण वॉरंट जिवंत असतं. तारीख उलटली की वॉरंट आपोआप संपतं हा गैरसमज तर सार्वत्रिक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 72 प्रमाणे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 70) काढणाऱ्या न्यायालयाने रद्द करेपर्यंत किंवा बजावणी होईपर्यंत ते चालूच राहतं. शंका असेल तर वकिलाकरवी त्या कोर्टाचा रोजनामा प्रत्यक्ष पाहून घ्यावा.

रद्द करण्याचा रस्ता असा. ज्या कोर्टाने वॉरंट काढलं त्याच कोर्टात आरोपीने स्वतः उभं राहायचं. केसची पेशी दोन महिन्यांनी असली तरी थांबायचं नाही. केस आजच बोर्डावर (त्या दिवशीच्या कामकाजात) घेण्याचा अर्ज आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज असे दोन कागद सोबत द्यायचे. कोर्ट साधारण अकराला बसतं, म्हणून अर्ज त्याआधी लिपिकाकडे पोचलेला बरा. फाइल काढून टेबलावर यायला वेळ लागतो, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर दिलेला अर्ज उद्यावर जाण्याची शक्यता वाढते. अर्जात गैरहजेरीचं कारण आणि त्याचा पुरावा हवा: डिस्चार्ज कार्ड, प्रवासाचं तिकीट, घरातल्या मृत्यूचा दाखला. 'तब्येत बरी नव्हती' एवढ्यावर भागत नाही; पेशीच्या तारखेशी न जुळणारं मेडिकल सर्टिफिकेट तर नसलेलं बरं. पोलीस केसमध्ये अर्जावर सरकारी अभियोक्त्याचा 'से' (लेखी म्हणणं) घेतला जातो, चेक न वटल्याच्या केसमध्ये फिर्यादीचा.

पहिलीच गैरहजेरी आणि खरं कारण असेल तर वॉरंट बहुधा थोड्याफार खर्चावर रद्द होतं. 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की आधी समन्स, मग जामीनपात्र आणि शेवटी अजामीनपात्र वॉरंट, हा क्रम सहसा सोडू नये. थेट अजामीनपात्र निघालं असेल तर वकिलाने हा मुद्दा जरूर मांडावा. वारंवार दांडी मारणाऱ्याला मात्र जुनं बंधपत्र (हजर राहण्याची लेखी हमी) जप्त, दंडाची नोटीस (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 491), नवा जामीनदार असं सगळं भोगावं लागतं. जामीनदाराने आधार, फोटो, घरटॅक्स पावती किंवा सातबारा किंवा पगारपत्रक आणावं. त्याने आणखी किती जणांचा जामीन घेतला आहे हेही त्याला जाहीर करावं लागतं. फाटकाबाहेर पैसे घेऊन जामीनदार 'पुरवणाऱ्यांच्या' नादी लागू नये. कागद खोटे निघाले तर गुन्हा वेगळा लागतो.

जामीनपात्र वॉरंट घेऊन हवालदार घरी आला तर घाबरायचं कारण नाही. वॉरंटवर लिहिलेल्या रकमेचा जामीन दिला की अटक होत नाही. पण ठाण्यात सही केली म्हणजे प्रकरण मिटलं असं नाही. त्या कागदावरच्या तारखेला कोर्टात जावंच लागतं. पोटगी थकल्यावर निघणारं वॉरंट निराळं. ते गैरहजेरीचं नसून वसुलीचं असतं, अर्जाने नव्हे, पैसे भरून सुटतं.

रद्द झाल्यावरचं काम लोक विसरतात. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, रद्द झालेल्या वॉरंटवर झालेल्या अटकेचा विचार करताना, न्यायालयांनी वॉरंटची नोंदवही ठेवावी आणि रद्द केल्याच्या आदेशाची प्रत आरोपीलाही द्यावी असं सांगितलं. म्हणून आदेशाची प्रमाणित प्रत मागून घ्या, कोर्ट पैरवीच्या शिपायाला (कोर्टात ठाण्याचं काम पाहणाऱ्या पोलिसाला) सांगा आणि ठाण्यातल्या समन्स-वॉरंटच्या अंमलदाराकडे एक प्रत देऊन पोच घ्या. ॲपवर स्टेज बदलल्याने ठाण्यातला कागद परत येत नाही.

वॉरंटनंतर उद्घोषणा, म्हणजे फरार आरोपीने हजर व्हावं अशी जाहीर नोटीस (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 84), निघाली असेल तर प्रकरण जड होतं. हजर न राहणं हाच भारतीय न्याय संहितेच्या कलम 209 खाली वेगळा गुन्हा आहे, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत, काही बाबतींत सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्या टप्प्यावर ॲप बाजूला ठेवून थेट वकील गाठावा. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन 15100.

ट्रॅफिक चलनाचं काम या ॲपवर शोधू नका. ते व्हर्च्युअल कोर्टाच्या वेगळ्या संकेतस्थळावर आहे. महाराष्ट्रातलं असं पहिलं कोर्ट 31 ऑक्टोबर 2020 ला आपल्याच जिल्ह्यात काटोलला सुरू झालं. आणि व्हॉट्सॲपवर शिक्का मारलेलं 'वॉरंट' पाठवून व्हिडिओ कॉलवर पैसे मागणारा कुणी भेटला, तर त्याच्याकडे सीएनआर मागा आणि ॲपवर तपासा. 'डिजिटल अरेस्ट' नावाची तरतूद कायद्यात नाही. तक्रार 1930 वर.